चारही बरोबर, पण पहिलं काय?

सकाळी बेल वाजली. मी एका गालाला फेस लावलेल्या अवस्थेत दार उघडलं. समोरच्या फ्लॅटमधल्या खरात सिस्टर उभ्या होत्या.

"पेशंट बेशुद्ध हाय, मॉनिटर बोंबलायलाय, डॉक्टर फोन उचलंना, अन् सलाईन निघून हातातून रक्त यायलंय. भाऊ, पहिलं काय?"

"पहिलं मी दाढी उरकतो," मी म्हणालो.

"चूक," असं म्हणून त्या समाधानानं आपल्या घरात गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं.

नव्या माणसाला वाटेल, समोरच्या घरात कुणीतरी शेवटच्या घटका मोजतंय. पहिल्या वेळी मलाही तसंच वाटलं होतं. मी बनियनवर, टॉवेल खांद्यावर टाकून त्यांच्या घरात धावलो होतो. दिवाणावर कुणी नव्हतं. गॅसवर डाळ शिजत होती. "पेशंट कुठाय?" मी धापा टाकत विचारलं. "पुस्तकात," सिस्टर म्हणाल्या, आणि मी धापा टाकतोय हे बघून त्यांनी लगेच माझी नाडी धरली. ती फार जोरात पळत होती. त्याबद्दल बोलणीही मलाच बसली.

सुजाता खरात मूळच्या पाचोडच्या. आमच्या शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात त्या आयसीयूच्या इन्चार्ज आहेत. पन्नाशी उलटलेली, बुटका बांधा, आणि चाल अशी की जिना उतरताना त्यांच्या पुढे असलेला माणूस आपोआप भिंतीला चिकटतो. एकट्या राहतात. बोलताना त्या तुमच्या तोंडाकडे बघत नाहीत, हातावरच्या शिरांकडे बघतात. माझ्या डाव्या मनगटाजवळची एक शीर त्यांना फार आवडते. "काय शीर हाय भाऊ," त्या मधूनच म्हणतात, "डोळे मिटून सुई जाईल." लग्नानंतर माझ्या देहाची इतकी मनापासून स्तुती दुसऱ्या कुणी केलेली नाही. माझ्या बायकोचा, सुषमाचा हात मात्र त्यांच्या मते अगदीच टाकाऊ. "वहिनी, तुमाला काय झालं तर लई अवघड जाईल हं," हे त्या हळदीकुंकवाला आल्या तरी सांगून जातात.

तर या सिस्टर क्रिटिकल केअरच्या परीक्षेला बसतात. किती वर्षं बसताहेत हे विचारलेलं त्यांना आवडत नाही. लेखी परीक्षेत त्या दर वेळी पास होतात, नुसत्या पास नाही, वरच्या नंबरानं पास. मग तोंडी परीक्षेला पुण्याला जातात आणि नापास होऊन पैठणी नेसलेल्या बाईच्या रुबाबात परत येतात. "का नापास झालात?" असं विचारलं तर, "परीक्षकाला काय कळतंय," एवढंच उत्तर.

परीक्षेचा प्रकार त्यांनी मला एकदा समजावून सांगितला. प्रश्नाला चार पर्याय असतात, आणि चारही बरोबर असतात. डॉक्टरला बोलवायचं, बरोबर. ऑक्सिजन वाढवायचा, बरोबर. डोकं उंच करायचं, बरोबर. रक्तदाब बघायचा, तोही बरोबर. पण चारांतलं पहिलं काय, ते सांगायचं. "चारही बरोबर हायत, पण पहिलं काय?" हे त्यांचं जीवनसूत्र. मी सरकारी नोकरीत जन्म काढला. आमच्याकडे चारही पर्याय चुकीचे असायचे आणि त्यातला सगळ्यात जास्त वेळ खाणारा कोणता ते शोधायचं असायचं, त्यामुळे मला हे शास्त्र शेवटपर्यंत अवघड गेलं.

एखाद्यानं अभ्यास घरात बसून केला असता. सिस्टर तो आमच्यावर करायच्या. औरंगपुऱ्यात भाजी घेताना त्या मेथीची जुडी हातात धरून भाजीवालीला विचारणार, "दूध उतू चाललंय, कुकरची शिट्टी होईना, दारात पाहुणा, अन् फोन वाजायलाय. मावशी, पहिलं काय?" भाजीवाली खुलताबादकडची. ती म्हणाली, "बाई, पैल्यांदा जुडी खाली ठिवा. सा जणींनी हात लावलाय तिला सकाळपासून." सिस्टरनी जुडी खाली ठेवली, पण उत्तर चूक म्हणून सांगितलं. सुषमाला त्या दिवसापासून त्यांच्याबरोबर बाजाराला जाणं परवडेनासं झालं.

दवाखान्यात ड्युटी बदलताना एक सिस्टर दुसरीला प्रत्येक पेशंटची सगळी हकीकत सांगते, त्याला हँडओव्हर म्हणतात. खरात सिस्टरना कुठलीही गोष्ट दुसऱ्या पद्धतीनं सांगताच येत नाही. शहराचं नाव बदललं, नळाचं वेळापत्रक बदललं नाही; धरण पैठणला भरून वाहतं आणि आमच्या नळाला पाणी येतं तो दिवस सणाचा. त्या दिवशी सिस्टर ड्युटीवर असल्या तर सकाळीच येऊन टाकी माझ्या ताब्यात देतात. "टाकी सिंटेक्सची, वय जास्त, खालच्या अंगाला गळती जुनीच. आत जाणं कमी, बाहेर जाणं जास्त. रात्रभर शांत होती. वॉल्व्ह उघडला की एकदम सोडू नका, हळूहळू घ्या, झेपत नाय तिला." आणि जाता जाता, "नातेवाईकांना कल्पना दिलेली हाय." नातेवाईक म्हणजे आम्ही, इमारतीतले बाकीचे.

या टाकीवरून आणि टँकरच्या खर्चावरून गच्चीत मीटिंग चालली असताना दुसऱ्या मजल्यावरचे देशपांडे चक्कर येऊन पडले. त्यांचा उपास होता आणि ऊनही चांगलंच होतं. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, कारण जिची गरज होती ती बाई जागेवर हजर होती. सिस्टर गुडघ्यांवर बसल्या, देशपांड्यांचं मनगट धरलं आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, "सांगा. पहिलं काय?"

कुणी म्हणालं कांदा हुंगवा. कुणी म्हणालं पाणी मारा. सेक्रेटरी म्हणाले चप्पल. मी म्हणालो, टँकरचा विषय बंद करा.

"चारही चूक," सिस्टर म्हणाल्या. त्यांना फार आनंद झाला होता. मग त्या आम्हाला कारणं समजावून सांगू लागल्या. कांद्याचं कारण सांगून झालं, चप्पल निम्मी झाली, तेवढ्यात देशपांडे स्वतःच डोळे उघडून क्षीण आवाजात म्हणाले, "सिस्टर, पहिलं माझ्या धोतरावरून उठा." यावर सिस्टरचं म्हणणं असं की पाय उंच करून त्यांनी पहिलं काय ते केव्हाच केलं होतं, आमचं लक्ष नव्हतं. असेलही. पण इमारतीत त्यांची अब्रू त्या दिवशी थोडी पातळ झाली, हे खरं.

टीव्हीवरच्या मालिका त्या आमच्या घरी बघतात आणि सुषमाला एक अश्रू गाळू देत नाहीत. नायक कोमात गेला की सिस्टर ताठ बसणार. "बघा वहिनी, बोटाचा चिमटा उलटा लावलाय. नाकात नळी हाय अन् केसाचा भांग मोडला नाय. सगळे चपला घालून आत शिरले बघा, मेला आता ह्यो." कॅमेरा मग बाहेरच्या बाकांवर जातो. तिथं नायकाची आई, दोन बायका, चुलते, गावाकडची माणसं, सगळे रांगेनं बसलेले. इथं मात्र सिस्टर टीका करत नाहीत. एकदा हळूच म्हणाल्या, "ह्याला बरंय. अर्धं गाव बाहेर बसलंय." आम्ही लक्ष दिलं नाही. पुढे जाहिराती लागल्या.

यंदा परीक्षेचं प्रकरण गंभीर झालं. दवाखान्यात नवे मॅनेजर आले. त्यांना आयसीयू म्हणजे काय हे कितपत माहीत होतं देव जाणे, पण सर्टिफिकेट म्हणजे काय हे चांगलं माहीत होतं. त्यांनी नियम काढला की ज्यांच्याकडे क्रिटिकल केअरचं सर्टिफिकेट नाही त्यांनी आयसीयूत राहायचं नाही. सिस्टरना सांगण्यात आलं, यंदा पास व्हा, नाहीतर खाली केसपेपरच्या खिडकीवर बसा. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या पोरी, ज्यांना त्या अजून "अगं येडे" म्हणतात, त्या वर राहणार आणि सिस्टर खाली काचेच्या भोकातून लोकांना नाव, वय, गाव विचारणार.

सिस्टर घाबरल्या. हे मला कळलं ते असं की त्यांनी आठवडाभर माझ्या शिरेचं कौतुक केलं नाही. मग एका दुपारी येऊन म्हणाल्या, "भाऊ, तुमी दिवसभर पडलेलेच असता. तर तोंडीच्या सरावासाठी पेशंट म्हणून पडा."

मी लगेच होकार दिला. डोळे मिटून पडून राहायचं, कानावर येईल त्याला उत्तर द्यायचं नाही आणि आजूबाजूचे काय धावपळ करताहेत याच्याशी संबंध ठेवायचा नाही. निवृत्तीनंतर माझ्या अनुभवाला साजेसं काम पहिल्यांदाच मिळत होतं.

त्यांच्या दिवाणावर मला आडवं केलं. मोबाइलच्या चार्जरची वायर छातीला चिकटपट्टीनं लावली, पडद्याच्या दांडीला पाण्याची बाटली उलटी टांगली, आणि ऑक्सिजनचा मास्क म्हणून चहाची गाळणी रबरानं नाकावर बसवली. गाळणीला सकाळच्या आल्याचा वास होता. सुषमा बघायला आली आणि म्हणाली, "सिस्टर, असेच राहू द्या दोन दिवस. घर आवरून घेते."

मग सिस्टर बोलायला लागल्या, आणि त्यांचा आवाजच बदलला. बाजारात भाजीवालीला घाबरवणारी बाई कुठे गेली कळेना. "भाऊ, मी खरात सिस्टर. आज मंगळवार हाय. तुमी दवाखान्यात हायत. सकाळ झालीय, बाहेर ऊन पडलंय. घाबरू नका. मी आता तुमची कूस बदलते." बेशुद्ध माणसाला सगळं ऐकू येतं, फक्त त्याला बोलता येत नाही, म्हणून त्याला हात लावण्याआधी सगळं सांगायचं असतं, असा नियम आहे. कूस बदलली, पाठ पुसल्यासारखी केली, उशी सारखी केली. आणि शेवटी खाली वाकून माझ्या कानाशी म्हणाल्या, "बाहेर तुमचं माणूस बसलंय."

"कोण बसलंय?" मी गाळणीतून विचारलं.

"बेशुद्ध माणूस बोलत नसतो."

"पण सुषमा तर इथं आत उभी आहे."

"भाऊ, गप पडा. नाहीतर नळी घालीन."

रोज सगळं म्हणून झालं की शेवटी हे वाक्य यायचंच. बाकी सगळं पुस्तकात होतं, ते मी त्यांच्या नकळत वाचून पाहिलं. हे एक वाक्य पुस्तकात नव्हतं.

इकडे इमारतीत वेगळीच कुजबुज चालू होती. सिस्टर सुट्टीच्या दिवशी, किंवा ड्युटी संपवून घरी येऊन, बरी साडी नेसून, डबा घेऊन बाहेर पडतात आणि संध्याकाळी परततात, हे सगळ्यांनी टिपलं होतं. या वयात एकटी बाई इस्त्रीची साडी नेसून डबा घेऊन कुठे जाते, याला आमच्या लोकांच्या मते एकच उत्तर होतं. सेक्रेटरींनी तर त्या गृहस्थाचा व्यवसायही ठरवला होता, औषधांचा होलसेल. सुषमा म्हणाली, "असलं कुणी तर चांगलंच आहे, डबा तरी दोघांत खात असतील." मीही या चर्चेत सढळ हातानं भर घालत होतो, दुपारचा वेळ जायला हवा ना.

मग माझ्या ऑफिसातल्या एका जुन्या मित्राचं ऑपरेशन झालं, त्याच दवाखान्यात. त्याला भेटायला गेलो तर लिफ्टनं मला चुकून आयसीयूच्या मजल्यावर सोडलं. समोर मोठं दार, दाराशी पहारेकरी, आणि अलीकडे लांबलचक हॉल. हॉलमध्ये खुर्च्या, खुर्च्यांवर टॉवेल टाकून धरलेल्या जागा, गाठोडी, थर्मास, भाकरीचा वास. पैठणची, गंगापूरची, सिल्लोडची माणसं तिथं संसार मांडून बसली होती. आणि मधल्या रांगेत, आकाशी साडीत, मांडीवर डबा घेऊन खरात सिस्टर.

मी हाक मारणार तेवढ्यात माईक खरखरला. "बेड नंबर सातचे नातेवाईक."

"हो," सिस्टर मोठ्यानं म्हणाल्या आणि उठल्या.

पुकारतानाच मोठं दार उघडलं होतं. एक तरुण नर्स बाहेर आली आणि सिस्टरना बघून तिनं कपाळाला हात लावला. "सिस्टर, तुम्हीच? सकाळी तुम्हीच तर होता ना सातला."

"तवा ड्युटीवर होते. आता नातेवाईक हाय. तू सांग, नातेवाईकाला सांगतात तसं."

"अहो, तुम्हाला सगळं माहितेय."

"अगं येडे, सांग म्हणते ना."

ती बिचारी सांगू लागली, की तब्येत तशीच आहे, औषधं चालू आहेत, काळजी करू नका. आणि सिस्टर, ज्यांनी ती औषधं सकाळी स्वतःच्या हातानं दिली होती, मान हलवत ऐकत होत्या. "बरं हाय ना पण? काही खाल्लं का त्यांनी?" असं गावाकडच्या बाईसारखं विचारलंसुद्धा. मला हसू आवरेना.

त्या जागेवर परत आल्या तेव्हा मी समोर उभा होतो. त्या दचकल्या नाहीत, फक्त शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मला जागा केली.

"तुमचे कोण आहेत सातला?" मी विचारलं.

"कुणी नाय. पैठण रोडला गाडीनं उडवलं त्याला. नाव नाय, गाव नाय. पोलिसांनी आणून टाकलं."

"मग तुम्ही इथं का बसलात?"

त्यांनी माझ्याकडे, मी नापास झालेला विद्यार्थी असावा तसं बघितलं. "मी सकाळी त्याच्या कानात सांगून आले ना, बाहेर तुमचं माणूस बसलंय म्हणून. पेशंटशी खोटं बोलायचं नाय, पुस्तकात लिहिलंय. मग कुणी बसायला नको?"

मी म्हणालो, "मग सांगू नका तसं."

"सांगावं लागतं भाऊ. ते आयकलं की नाडी जरा निवांत होते. मी बघितलंय."

पहारेकरी पठाणचाचा आमचं बोलणं ऐकत होते. ते म्हणाले, "भाऊ, सिस्टर का ये हमेशा का है. जिसका कोई नहीं, उसकी डूटी बाहर भी इनकीच."

होलसेल औषधांचा व्यापारी माझ्या डोक्यातून निघून गेला. मग त्यांनी डबा उघडला. भाकरी, बेसन, ठेचा. अर्धी भाकरी त्यांनी पलीकडच्या एका म्हातारीला दिली, तिचा नातू दोन नंबरला होता. खाता खाता मी विचारलं, "सिस्टर, खरं सांगा. तोंडीला काय चुकतं तुमचं?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "दर साली एक प्रश्न येतोच. पेशंट लई खराब हाय, अलार्म वाजायलाय. पहिलं काय?"

"मग? उत्तर काय?"

"मशीनकडं नाय, पेशंटकडं बघायचं. पाठ हाय मला. पोरींना मीच शिकवते. पण तो परीक्षक 'पहिलं काय' म्हणला की माझ्या तोंडून दुसरंच निघतं. मी म्हणते, बाहेर त्याचं कुणी बसलंय का, बघणार. ते हसतात. मागच्या बारीला म्हणले, बाई, ते तुमचं काम नाय."

"तुम्ही मुद्दाम म्हणता?"

"नाय हो. निघतंच."

मग त्यांनी मला सांगितलं, मी विचारलं नव्हतं. त्यांची आई याच आयसीयूत चार नंबरला होती. ड्युटी त्यांचीच. "डॉक्टर म्हणले, सिस्टर, गेल्या. मी म्हणलं, व्हय सर. मग नियम हाय, नातेवाईकाला बोलावून सांगायचं. ड्युटीवरच्या नव्या पोरीला ध्यानात आलं नाय, तिनं माईकवर पुकारलं, बेड नंबर चारचे नातेवाईक. परत पुकारलं. बाहेर कोण असणार? तिचं माणूस मी एकटी. अन् मी तर आत, तिच्या नळ्या काढत होते." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "तिलाबी मी सकाळी सांगितलं होतं. बाहेर तुझं माणूस बसलंय. सवयीनं, सगळ्यांना सांगते तसं. तिला शेवटाला खोटं सांगितलं बघा मी."

मला फार वाईट वाटलं. मी म्हातारीकडून पाणी मागून घेतलं आणि प्यायलो.

परीक्षेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सिस्टर आमच्याकडे आल्या आणि त्यांनी जाहीर केलं की त्या पुण्याला जाणार नाहीत. सात नंबर अजून तसाच होता. पुण्याला जाऊन यायचं म्हणजे सगळा दिवस. बाहेर कोण बसणार?

"खिडकीवर बसवतील तुम्हाला," सुषमा म्हणाली.

"बसवू द्या."

"मग खिडकीवरून उठून वर कुणाला येऊ देतील का? आतही जाता येणार नाही आणि बाहेरही बसता येणार नाही. मग पुढच्या सात नंबरला कानात सांगणार कोण?"

हे सिस्टरच्या लक्षात आलं नव्हतं. सुषमानं माझ्याकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायकोच्या बघण्याला पर्याय चार नसतात, एकच असतो.

"बसायचंच आहे ना नुसतं?" मी म्हणालो. "मी बसतो. मला जमेल."

"तुमी झोपाल."

"नाही झोपणार."

सिस्टरनी मला हँडओव्हर दिला. टाकीचा देतात तसाच, पण आवाज कानाशी बोलतानाचा होता. मधल्या रांगेत बसायचं, कडेला पंख्याच्या आवाजात माईक ऐकू येत नाही. पठाणचाचांना सलाम करायचा. दोन नंबरच्या म्हातारीला भाकरी द्यायची, ती मागत नाही. कुणी विचारलं तर गावाचं नाव खोटं सांगायचं नाही. "आता सांगा," त्या उठता उठता म्हणाल्या, "माईकवर सात नंबर पुकारला. पहिलं काय?"

"उठायचं."

"चूक. पहिलं मोठ्यानं 'हो' म्हणायचं. मग उठायचं. दार उघडं असतं तवा, आवाज आत जातो."

दुसऱ्या दिवशी त्या पहाटेच्या एसटीनं गेल्या. मी सुषमानं दिलेला डबा घेऊन सकाळीच मधल्या रांगेत जाऊन बसलो. बसण्याचं काम मी जन्मभर केलं होतं, पण ते किती अवघड असतं हे तिथं कळलं. शेजारचा माणूस पाचोडजवळचा, तो विचारायचा, "तुमचं कोण हाय आत?" मी म्हणायचो, "सात नंबर." तो म्हणायचा, "व्हय का," आणि मग माझ्याबरोबर काळजी करायचा. दुपारपर्यंत मलाही खरोखरची काळजी वाटायला लागली. दर वेळी माईक खरखरला की मी खुर्चीच्या कडेला सरकायचो, आणि दुसऱ्याच कुणाचा तरी नंबर असायचा.

चारच्या सुमारास आला. "बेड नंबर सातचे नातेवाईक."

"हो," मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की म्हातारीचा थर्मास पडला. मग उठलो.

तीच तरुण नर्स होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्ही त्यांचे कोण?"

भाऊ म्हणावं, शेजारी म्हणावं, की खरात सिस्टरकडून आलोय म्हणावं, की खरं सांगून टाकावं, असं सगळं एकदम मनात आलं. तोंडातून निघालं ते वेगळंच. "मी त्यांचं माणूस," मी म्हणालो.

ती हसली नाही. मला तब्येत सांगितली, नातेवाईकाला सांगतात तशी. आज हाताची बोटं हलवली म्हणाली. मला एवढा आनंद झाला की मी परत येऊन पाचोडच्या माणसाला मिठी मारायचा राहिलो.

संध्याकाळी पुण्याहून फोन आला. मागे एसटी स्टँडचा गोंगाट होता. मी म्हणालो, "काय झालं परीक्षेचं?"

"ते ऱ्हाऊ द्या. पुकारलं का?"

"पुकारलं."

"मग पहिलं काय केलं?"

"हो म्हणालो. मग उठलो. बोटं हलवलीत त्यानं आज."

मग सिस्टर म्हणाल्या, "मला बी तोच प्रश्न आला. अलार्म वाजायलाय, पहिलं काय. अन् भाऊ, या बारीला सरळ उत्तर निघालं. पेशंटकडं बघणार, म्हणलं."

"मग इतकी वर्षं का निघत नव्हतं?"

"इतकी वर्षं बाहेर कुणी नसायचं ना," त्या म्हणाल्या. "आज मला ठावं होतं, तुमी बसलेले हायत."

मला काही बोलता येईना. "भाऊ? आयकू यायलंय का?" त्या पलीकडून विचारत राहिल्या. मला सगळं ऐकू येत होतं.